चिखलदऱ्याऐवजी तेल्हारा: एका दुखऱ्या गाठीसाठी केलेला प्रवास

चिखलदऱ्याची खोली मी आगाऊ पैसे भरून ठेवली होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं थोडं तरी मोल वाटेल. या प्रवासात मला ना दऱ्या दिसल्या, ना धुकं, ना कॉफीचे मळे. मी गेले तेल्हाऱ्याला, आणि तिथून अशी काही खुशीत परतले की घरचे विचारत होते, लॉटरी लागली का?

मी नाशिकला राहते आणि स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. लग्नकार्यात हे सांगितलं की समोरची मावशी हमखास विचारते, "म्हणजे बायकांना दूध पाजायला शिकवतेस? ते काय शिकवायला लागतं?" मी नुसती हसते. कारण त्याच मावशीच्या सुनेचा फोन मला पुढेमागे येतोच. तर, अमरावतीच्या वैशालीताई एका खाजगी रुग्णालयात मुख्य परिचारिका आहेत. त्यांनी फर्मान काढलं, "आमच्या पोरींना या क्षेत्रात नवीन काय चाललंय ते येऊन शिकवा. जुनंच घोटून घोटून कंटाळा आला." मार्चचा पहिला आठवडा ठरला. मी म्हटलं, येते, पण काम उरकलं की मला चिखलदऱ्याला सोडायचं. त्या म्हणाल्या, सोडतो.

नाशिक रोडवरून सकाळची गाडी पकडलीत तर संध्याकाळी बडनेऱ्याला उतरता. अमरावतीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मोठ्या लाइनवरच्या बहुतेक गाड्या बडनेऱ्यालाच थांबतात आणि पुढे रिक्षा मिळते. डबा बरोबर घ्या, भुसावळला केळी घ्या. माझ्या पिशवीत एक कापडी बाहुली आणि लोकरीचे विणलेले चार स्तन होते. शिकवताना लागतात. समोरच्या बाकावरच्या काकूंनी एक उचलून निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "टोपी छान जमली, पण गोंडा जरा आत घ्यायला हवा होता." मी खरं काय ते सांगितलं. काकूंनी तो पटकन ठेवून दिला, इकडेतिकडे पाहिलं आणि मग मलकापूर येईपर्यंत आपल्या तिन्ही बाळंतपणांच्या कथा सांगितल्या.

मलकापूरनंतर माती काळी होत जाते आणि बोलणं मोकळं. शेगावला चढलेली एक बाई मला म्हणाली, "सरकून बसा ना बाई, अशा अवघडून काहून बसल्या?" पुण्या-नाशिकच्या माणसाला हे रागावणं वाटेल. तसं काही नसतं. तिनेच नंतर मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. तो ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती मनापासून खूश झाली.

अमरावतीत पहिलं काम गिला वडा. रस्त्याकडेच्या गाडीवर उभं राहून खायचा, वरून दही आणि चटणी, आणि एका प्लेटवर थांबायचं नाही. दुसरं काम प्रशिक्षण. ते दोन दिवस चाललं आणि दुसऱ्या दिवशी चांगलंच पेटलं.

पेटलं ते दुधाच्या गाठीवरून. बाळंतिणीच्या छातीत गाठ होते, लाल होते, ठणकते, ताप येतो. वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकच सांगितलं: गरम शेका, जोर लावून चोळा, दूध पिळून रिकामं करा. अलीकडच्या संशोधनाने हे जवळजवळ उलटं केलं आहे. आत दूध गोठून दगड झालेला नसतो, आजूबाजूला सूज आलेली असते, आणि त्या सुजेने दुधाच्या बारीक नळ्या आवळलेल्या असतात. चोळलं की सूज वाढते. जादा पिळलं की शरीराला वाटतं मागणी वाढली, ते आणखी दूध करतं. म्हणून आता सांगतात, थंड ठेवा, हलका हात ठेवा, बाळाला भूक लागेल तसं पाजत राहा आणि डॉक्टरांना वेळेवर दाखवा. मी वर्गात विचारलं, "मुरगळलेल्या पायावर कोणी लाटणं फिरवतं का?"

मागच्या रांगेतली एक अनुभवी सिस्टर उठली. "म्हंजे आजवर आमी सांगितलं थे सगळं चूक?"

"आजवर जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलंत," मी म्हटलं. "आता जास्त ठाऊक झालंय."

ती बसली खरी, पण तोंड आंबटच होतं. मला अशा विद्यार्थिनी आवडतात. मान डोलावणाऱ्या घरी जाऊन विसरतात, भांडणाऱ्या लक्षात ठेवतात.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वैशालीताईंच्या ताटात सांभारवडी तशीच पडून होती. सांभार म्हणजे इकडे कोथिंबीर, आणि ती वडी पानात टाकून उठणं हा वऱ्हाडात गुन्हाच. मी विचारलं तेव्हा कळलं. त्यांची धाकटी बहीण पल्लवी बाळंतपणासाठी माहेरी, तेल्हाऱ्याला आली होती. मुलगी तीन आठवड्यांची. पल्लवीच्या छातीत अशीच गाठ झालेली, मुलगी धड पीत नव्हती, वजन हवं तसं वाढत नव्हतं. रविवारी नामकरण होतं. सासरची मंडळी येताना डब्याचं दूध घेऊन येणार आणि त्या दिवसापासून अंगावरचं बंद, असं ठरून गेलं होतं.

"अन् पल्लवी काय म्हणते?"

"रडून राहिली. तिले पाजाचंच हाये. पन दुखते इतकं की पोरगी रडली का तिच्या अंगावर काटा येते." मग वैशालीताई सावरून म्हणाल्या, "तुमी चिखलदऱ्याले जाऊन या बिनधास्त. तिले फोनवर सांगजा, काय थे."

बाळाचं तोंड छातीवर कसं बसतंय हे फोनवर काय दिसणार, कपाळ? पण मी तेव्हा हो म्हटलं. चिखलदरा डोळ्यांपुढे होता ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांदूर बाजार. तिथे काही गरोदर बायका आणि त्यांच्या सासवांसाठी छोटा कार्यक्रम ठेवला होता. हे दिवस संत्र्यांचे. बाजारात ढीगच्या ढीग होते आणि विकणारा म्हणत होता, "आंदी खाऊन पाहा, मंग घ्या." मी खाऊन पाहिली, मग इतकी घेतली की पिशवीतली बाहुली संत्र्यांखाली गाडली गेली. कार्यक्रमात एका सासूबाईंनी सर्वांदेखत विचारलं, "मॅडम, तुमचे किती लेकरं?" दोन, म्हटलं. "पाजलं का त्याइले?" पाजलं. "मंग सांगा," म्हणून त्यांनी पुढची जागा धरली. प्रमाणपत्रं भिंतीवर लावण्यापेक्षा ही तपासणी बरी.

चांदूर बाजारहून परतवाड्याला एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा उगाच गाडी करू नका. परतवाडा स्थानकावर चिखलदऱ्याची गाडी समोर लागलेली, खिडकीची जागा रिकामी, ड्रायव्हर चहा पीत होता. पलीकडे अकोटची गाडी. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि मला माझा भयंकर राग आला. दोन दिवस वर्गात उभं राहून मोठमोठं शिकवायचं, आणि जिला त्याची खरी गरज आहे ती पोरगी काही तासांवर असताना डोंगरावर जाऊन मक्याचं कणीस खायचं? मी अकोटच्या गाडीत चढले आणि वैशालीताईंना फोन करून पत्ता घेतला, घरी कळवायलाही सांगितलं. खोलीचे पैसे बुडाले. बुडू देत.

परतवाडा, अंजनगाव, अकोट, तेल्हारा असा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जातो. उजव्या हाताला डोंगर निळसर दिसत राहतात, डाव्या हाताला वेचून संपत आलेली कपाशी आणि कुठे कुठे हरभरा. अकोटला गाडी बदलावी लागते. स्थानकाबाहेर आलूबोंडा चांगला मिळतो. माझ्या शेजारच्या बाईने कुठे चाललात विचारलं. पाहुणी नाही, नातं नाही, दूध पाजायला शिकवायला चालले आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "तेल्हाऱ्यात गाई-म्हशी कमी पडल्या का?" आणि स्वतःच पोट धरून हसली.

संध्याकाळी पोचले. पल्लवीचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ओट्यावरूनच "जयभीम, या या" केलं आणि चहा येण्याआधी विचारलं, "तुम्ही जे सांगणार, त्याला पुरावा काय?" असा माणूस मला कुठेही भेटला तरी आवडतो. मी म्हटलं, सर, आधी रोगी पाहू, मग पुरावा.

पल्लवीला पाहून मात्र माझं हसू गेलं. डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग लाल, ताठ, हात लावू देत नव्हती. अंगात थोडा ताप. मी डॉक्टर नाही आणि हे मी कधी विसरत नाही. म्हणून पहिली गोष्ट केली ती तिला गावातल्या डॉक्टरबाईंकडे नेण्याची. त्यांनी नीट तपासलं. पू झालेला नव्हता. सुजेच्या आणि तापाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा यायला सांगितलं, आणि पाजणं बंद करायचं कारण नाही असं स्वच्छ म्हणाल्या. बाहेर बाकावर बसलेल्या हेडमास्तरांनी ते ऐकलं.

शुक्रवारी सकाळी खरी लढाई. सुमनबाई आल्या. तेल्हाऱ्यात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या या बाई. उंच, काळ्यासावळ्या, मनगटं कुस्तीगिरासारखी. त्यांच्या हातात कोमट तेलाची वाटी, एक लाकडी कंगवा आणि एरंडाची पानं. गाठीवर कंगवा ओढायचा, अंगठ्याने दाबून गाठ फोडायची, मग तव्यावर गरम केलेलं पान बांधायचं. ही त्यांची रीत, आणि पल्लवीवर ती रोज चालू होती. सुमनबाई आत आल्या तशी पल्लवीने पदर घट्ट धरला.

"आज दाबायचं नाही," मी म्हटलं.

"काहून?" सुमनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाठ आपोआप जाईन का?"

आमचा आवाज चढला. तशी ओट्यावरून हेडमास्तरांची हाक आली. ते आमच्याकडे पाठ करून बसले होते, कारण विषय बायकांचा. पण न्यायनिवाडा त्यांना चुकवता येत नव्हता. "सुमनबाई, तुम्ही किती दिवसांपासून दाबून राहिल्या?"

"सोमवारपासून."

"सूज उतरली का वाढली?"

सुमनबाईंनी खोटं न बोलता सांगितलं, "वाढली, गुरुजी."

"मंग दोन दिवस या मॅडमचं ऐका. नाई उतरली तर मी स्वतः तुम्हाले बोलावतो." पुरावा मागायचा तर तो दोन्ही बाजूंकडे मागायचा, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात लिहिलेलं असो की हाताला सवय असलेलं, तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही, ही त्या घराची शिस्त होती.

आता सुमनबाईंना हातात काहीच न देता बसवणं मला बरं वाटेना. माणसाचं कसब काढून घेतलं की उरतो फक्त राग. मी त्यांच्या हातातलं पान मागितलं. "हे तव्यावर न ठेवता माठाला गुंडाळून ठेवलं तर?" सुमनबाईंनी जरा विचार केला, पानं धुतली, माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळली आणि गार झाल्यावर स्वतःच्या हाताने पल्लवीच्या छातीवर ठेवली. पल्लवीने डोळे मिटले. "माय व," ती म्हणाली, "किती बरं वाटते." मग मी दाखवलं तसं सुमनबाईंनी गाठीपासून काखेकडे बोटं नुसती फिरवली, मांजरीला कुरवाळावं इतक्या हलक्या हाताने. त्या मनगटांना ते फार अवघड गेलं. "हे काय, धूळ झाडून राहिलो का?" असं पुटपुटत त्यांनी ते केलं.

अर्धं काम अजून बाकी होतं. गाठ का झाली, ते पाजताना दिसलं. पल्लवी मांडी घालून, पाठीचं धनुष्य करून बसायची. मुलगी दुपट्यात अशी करकचून गुंडाळलेली की नाक आणि भुवया तेवढ्या बाहेर. हात बांधलेले, मान आखडलेली, तोंडात आलं तर नुसतं टोक. दूध नीट निघायचं नाही आणि पल्लवीला चावल्यासारखं व्हायचं.

मी दुपटं सोडलं. पल्लवीच्या आई धावल्या, "लेकराले हवा लागते ना!" मार्चमधला तेल्हारा, पत्र्याखाली सगळे घामाघूम. मी त्यांना घामच दाखवला. खाटेवर गादीची वळकटी ठेवून पल्लवीला मागे रेलून बसवलं, आरामात, टीव्ही पाहायला बसतो तशी. उघड्या मुलीला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून पातळ लुगडं, आणि सगळ्यांना सांगितलं, आता कोणी हात लावायचा नाही.

मुलगी थोडा वेळ पडून राहिली. मग मान उचलली, आपटली, पुन्हा उचलली. हात पसरून चाचपू लागली, पाय आईच्या पोटावर रोवले, सरकत सरकत गेली, मोठ्ठा आ केला आणि धरलं. पूर्ण तोंड भरून. हनुवटी रुतलेली, नाक मोकळं. घुटक्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"दुखून नाई राहिलं," पल्लवी हळूच म्हणाली. मग जोरात, "ताई, दुखूनच नाई राहिलं ना!" ती रडत होती आणि हसत होती. तिची आई रडत होती. मीही रडले, का नाही रडायचं? हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे, पण दर वेळी मला वाटतं की माझ्याइतकं भाग्याचं काम कोणाकडेच नाही.

सुमनबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. "मी इतके लेकरं न्हाऊ घातले," त्या म्हणाल्या, "पन हे पोरगी तं सोताच चालत गेली व!"

शनिवारी ताप उतरला, लाली फिकी झाली. रात्रंदिवस मागेल तेव्हा पाजणं चालू होतं आणि दोरीवर वाळणारी लंगोटं वाढली. पल्लवीच्या आई ती अभिमानाने वाळत घालत होत्या. मी त्यांच्या हातचे वरण-रोडगे, वांग्याचं भरीत आणि कढी-गोळे खाल्ले. चिखलदऱ्यात हे मिळालं नसतं.

रविवारी वैशालीताई अमरावतीहून आल्या आणि सासरची मंडळी गाडी भरून आली. बुद्धवंदना झाली, मुलीचं नाव मैत्री ठेवलं. मग सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. मी तोंड उघडणार इतक्यात सुमनबाई पुढे झाल्या. "त्याची गरज नाई आता. पोरगी मायचं पेऊन राहिली. या, पाहा." त्यांनी सासूबाईंचा हात धरून आत नेलं. पल्लवी रेलून बसली होती, मैत्री पीत होती, आणि पल्लवी सासूशी हसून बोलत होती. डब्याच्या दुधाशी माझं वैर नाही. गरज असते तिथे डॉक्टर ते देतात आणि द्यायलाच हवं. इथे गरज नव्हती, एवढंच. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या वेळेस असं कोनी सांगतलं नाई." डबा न उघडताच पिशवीत परत गेला.

सोमवारी निघाले. वाकडी वाट करून बाळापूरला उतरले, कारण दगडी काहीतरी पाहिल्याशिवाय मी घरी परतत नाही. दोन नद्यांच्या मधला किल्ला, विटांचे बुलंद बुरूज. आत सरकारी कचेऱ्या असल्याने तो ओस वाटत नाही. भर उन्हात जाऊ नका, पाणी बरोबर ठेवा. बुरुजावर उभी राहून मी मोठ्याने "जिंकलो!" म्हणाले. खाली सायकल लावणाऱ्या माणसाने वर पाहिलं आणि विचारलं, "कोनतं इलेक्शन?" अकोल्याहून गाडी मिळाली आणि मी नाशिकपर्यंत घोरले.

घरी येऊन आता महिना झाला. काय उरलं म्हणाल, तर संत्री केव्हाच संपली. पल्लवीने दवाखान्यातल्या काट्यावरचा मैत्रीचा फोटो पाठवला. वजन छान वाढलं आहे, गालांना वळ्या पडल्या आहेत. मी तो फोटो ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना दाखवते. अमरावतीच्या त्या भांडखोर सिस्टरने गाठीवर आता बर्फाचा शेक सुरू केल्याचं वैशालीताईंनी कळवलं. मी त्या दिवशी गोड शिरा केला.

पण सगळ्यात मोठा फोन परवा आला, सुमनबाईंचा. तेल्हाऱ्यातच दुसऱ्या एका घरी बाळंतिणीला गाठ झाली होती. सुमनबाईंनी आधी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं, कंगवा पिशवीतून काढलाच नाही, आणि आता तीही पाजते आहे. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांनी ते मधेच तोडलं.

"थे जाऊ द्या, मॅडम. मी काय म्हनतो ते ऐका. पुढं तुमच्या त्या संशोधनात काही बदललं तं पयले मले फोन करजा. बाया दवाखान्यात नंतर जातेत, आंदी माह्यापाशी येतेत."